कोणता अरिस्तोन?

…नाही, नाव वाईट आहे असं माझं म्हणणंच नाही! चांगला अर्थ आहे म्हणतात त्याचा, असेल बापडा, मला कुठे वाचता येतंय… पण तुम्हाला सांगतो, सत्तर वर्षं हे नाव घेऊन हिंडतोय आणि एकदा, एकदासुद्धा असं झालं नाही की मी 'अरिस्तोन' म्हटलं आणि समोरचा माणूस 'बरं' म्हणून गप्प बसला. लगेच तोंड उघडणारच, "कोणता अरिस्तोन?"

आता तसे आहेत पुष्कळ, मी नाकारत नाही. स्पार्टाला मागे एक राजा होऊन गेला, तो अरिस्तोन. प्लेटोचा बाप, तोही अरिस्तोन. हल्लीचे दोन तत्त्वज्ञ, दोघेही बेटांवरून आलेले, दोघेही अरिस्तोनच, त्यातला एक टकला, तो खाली अथेन्सात लोकांना शिकवतो. आमच्या उतारावरचा मासळीवाला, अरिस्तोन. आणि एवढ्यांतून काही उरलं असेल तर मी, हिमेट्टोसच्या डोंगरावर मधमाश्या पाळणारा. बाजारात मध घेऊन बसलो की गिऱ्हाईक विचारतं, "कोणता अरिस्तोन?" मी म्हणतो, "राजा. राज्य जरा आटोपशीर आहे, वीस मडकी आणि त्यातल्या माश्या." गिऱ्हाईक हसतं, मध घेतं, आणि पुढच्या खेपेला मासळीवाल्याकडे जाऊन मध मागतं!

तर मी मनाशी ठरवलं होतं, हे माझ्याबरोबर संपवायचं. आणि नेमका सुनेला मुलगा झाला.

दारावर ऑलिव्हच्या डहाळ्या लागल्या, सगळ्या गावाला कळलं मुलगा झाला म्हणून, आणि जो तो बाहेरूनच ओरडतोय, "वा, आणखी एक अरिस्तोन!" कारण आमच्यात पहिल्या नातवाला आजोबांचं नाव. दहाव्या दिवशी पाहुण्यांसमोर ते उच्चारलं की झालं, जन्माचं चिकटलं. मी मुलाला बाजूला घेतलं, म्हटलं, "तेलेक्लेस, फिलाग्रोस ठेव. पंचक्रोशीत एक फिलाग्रोस नाही, मी विचारून आलोय." तो म्हणाला, "बाबा, मिर्तोला विचारा." मिर्तो म्हणजे माझी सून. आता ती बाळंतीण, तिला काय बोलणार? पण बोललो. तिनं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मामंजी, आजोबा धडधाकट समोर बसलेले आणि नातवाला भलतंच नाव? उद्या बायका विचारतील, पोर घरातलंच ना म्हणून! मी कुणाकुणाची तोंडं धरू?"

मी टोपी उचलली, डोंगरावर गेलो.

सातव्या दिवशी मी मडक्यांना धुरी देतोय, तर मागून एक तरुण माणूस, धापा टाकत, हातात मेणाची पाटी. म्हणे लाम्पोन, एफेसोसहून आलोय. "अरिस्तोन आपणच ना?" म्हटलं हो. म्हटलं आता विचारील, 'कोणता?' तर त्यानं विचारलंच नाही हो! तिथल्या तिथे पाया पडला! सत्तर वर्षांत पहिला माणूस ज्यानं विचारलं नाही, आणि त्यानंच विचारायला हवं होतं. तो आला होता टकल्याकडे! खाली कुणीतरी बोट दाखवलं, 'अरिस्तोन वर डोंगरावर असतो', आणि हा चढला.

मी सांगितलं त्याला, तुम्हाला सांगतो, अगदी सरळ सांगितलं, "बाबा रे, मी साधा मधवाला." तर पाटीवर खरडत म्हणतो कसा, "काय ही नम्रता!" पुढे विचारतो, "गुरुजी, आरोग्य चांगलं की वाईट? श्रीमंती चांगली की वाईट?" मला तेव्हा भुवईवर माशी चावली होती. मी म्हटलं, "मला काय फरक पडतो!" अहो, त्याच्या डोळ्यांत पाणी! "हेच! हेच तर आपलं मत, कशानं काही फरक पडत नाही! एवढ्यासाठी मी समुद्र ओलांडला!"

तीन दिवस राहिला. मी म्हटलं, "धूर थोडा द्यावा, जास्त दिला की माश्या चिडतात," तर ते लिहिलं. मी म्हटलं, "सरक, तिथे मुंग्या आहेत," तेही लिहिलं. डोक्याबद्दल मात्र एक शब्द विचारला नाही त्यानं… माझ्या हो, माझ्या डोक्याबद्दल म्हणतोय! माश्यांच्या भीतीनं माझी कातड्याची टोपी कानांपर्यंत ओढलेली असते, झोपतानासुद्धा. त्या टोपीखाली टक्कल आहे असं तो धरून चालला होता.

पण मग माझ्या मनात आलं… हा शिकलेला आहे, बोलतो छान, मिर्तो माझं नाही ऐकत, याचं ऐकेल. पाप होतं का ते? असेल थोडं. मी त्याला म्हटलं, "दहाव्या दिवशी घरी चल, आणि नावाबद्दल माझ्या सुनेला समजाव. अरिस्तोनच पाहिजे असं काही नसतं, एवढंच सांग."

दहावा दिवस. पाहुणे आले, ऑक्टोपस भाजतोय, मासळीवाला अरिस्तोन स्वतः टोपली घेऊन आलाय. लाम्पोन उभा राहिला, घसा खाकरला, आणि काय बोलला म्हणता! "बाई, गुरुजींची शिकवण आहे, नावात चांगलं नाही, वाईट नाही. हे नाव काय, ते नाव काय, शहाण्याला सारखंच!" मी मान डोलावतोय. म्हटलं, आला फिलाग्रोस!

मिर्तोनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे कुठलंही चालेल?"

"कुठलंही!"

"मामंजींनाही काही फरक पडत नाही?"

"त्यांना कशानंच पडत नाही!"

"मग अरिस्तोनच ठेवू या," म्हणाली, "सगळे सुखी."

आणि सगळे ओरडले, अरिस्तोन! अरिस्तोन! मासळीवाला सगळ्यांत मोठ्यानं. झालं, उच्चारलं, चिकटलं. तेलेक्लेसनं पोर माझ्या हातात दिलं. आता पोराला घेताना माणूस वास मारणारी टोपी घालून उभा राहील का? काढली मी. केस खाली आले, पांढरे, पण भरगच्च, खांद्यापर्यंत.

लाम्पोन बघतच राहिला. "गुरुजी… टक्कल कुठंय?"

मी म्हटलं, "ते खाली अथेन्सात."

मला वाटलं पाटी फेकून मारतो. पण तो आपला पाटीच वाचत बसला बिचारा, तीन दिवसांचं शहाणपण, सगळं माश्यांचं! मी त्याला मधाचं एक मडकं दिलं, दुसरं काय देणार? पोर माझ्या हातात होतं, माझं बोट धरून बसलेलं, सोडतच नव्हतं. आणि खरं सांगू का, त्या वेळी कुणी येऊन म्हणालं असतं 'फिलाग्रोस', तर मीच नको म्हटलं असतं. एवढंसं तोंड, अगदी माझ्यासारखं रुसलेलं.

लाम्पोन निघाला. वळणावर नवीन आलेला एक कुंभार भेटला त्याला, मला दारातून सगळं ऐकू येत होतं. कुंभारानं विचारलं, "पाहुणे कुठले?"

"अरिस्तोनच्या घरून आलो."

"कोणता अरिस्तोन?"

लाम्पोननं मागे वळून बघितलं, जरा विचार केला, आणि म्हणाला, "बाळाचा आजोबा."

"बरं," म्हणाला कुंभार. आणि गप्प बसला!

सत्तर वर्षं, तुम्हाला सांगतो, वीस मडकी, हजारो माश्या, आणि ओळख पटली ती दहा दिवसांच्या, धड मानही न धरणाऱ्या… थांबा हं, आतून हाक आली. "अरिस्तोन!" आलो, आलो…

नाही. बसतो. मला नव्हती.