गरम जेवणासाठी सहा आठवडे प्रार्थना

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा, मी काय जगप्रवास मागितला होता? दागिने मागितले होते? सगळं सोडून डोंगरात जाऊन बसते म्हटलं होतं? मागितलं काय होतं मी? एक ताट जेवण. गरम! पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत गरम, आणि मधेच संडासातून 'आई, झालीऽऽ' अशी हाक यायची नाही... बास, एवढंच.

तुम्हाला सांगते, अकरा वर्षं झाली. कारण थोरली अकराची आहे. तेव्हापासून मी गरम असं काही जेवलेलीच नाही. आधी सगळ्यांना वाढायचं, मग मधल्याने सांडलेलं पुसायचं, मग शेंडेफळाच्या मागे वाटी घेऊन घरभर फिरायचं, आणि आपण टेकेपर्यंत ताटातल्या भाताची ढेकळं! आणि आमचे हे काय म्हणतात? 'अगं, तू जेवून घे ना आधी.' किती काळजी, नाही? पण म्हणतात कधी... स्वतः जेवून, हात धुऊन, रुमालाला पुसत आल्यावर! दिवसभर मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून 'पुढचे या, पुढचे या' करते, घरी आले की पुढचे चौघं दारातच उभे.

आता आम्ही पाच आया दर बुधवारी सकाळी प्रार्थनेला जमतो. प्रार्थनागृहाच्या मागे एक खोली आहे, खुर्च्या रचून ठेवतात ती, तिथे. एक नर्स, एक शिंपीणबाई, एक जुळ्यांची आई, एक नवीनच आई झालेली, तिला आम्ही धाकटी म्हणतो, आणि मी. तर एका बुधवारी डोळे मिटून बसलोय, अगदी शांत, आणि हळूहळू लक्षात आलं की नर्स घोरतेय. रात्रपाळी करून तशीच आली होती बिचारी. आम्ही हसलो, आणि हसता हसता शिंपीणबाई रडायलाच लागली. म्हणाली, "देवा, मला माझ्याच पोरांचा कंटाळा आलाय, मला माफ कर." आणि मग धाकटी, जिचं बाळ जेमतेम पाच महिन्यांचं, ती हळूच म्हणाली, "मलापण." तुम्हाला काय सांगू, त्या दिवशी आम्ही पाचही जणी रडलो, आणि इतकं बरं वाटलं!

तेव्हा ठरलं, एक संध्याकाळ सुट्टी. बाहेर जेवायचं, पाच जणींनीच. पण नुसतं ठरवून भागतं का? आई ना आपण! लगेच मन खायला लागलं, हे देवाला आवडेल का, हा स्वार्थ तर नाही? म्हणून त्या एका संध्याकाळसाठी आम्ही सहा आठवडे प्रार्थना केली. सहा! लोक यापेक्षा कमी प्रार्थनेत घरं बांधतात हो. आणि मग मोठ्या ताईंची परवानगी. मोठ्या ताई म्हणजे आमच्या मंडळाच्या सगळ्यात वडील, पंचाहत्तरीच्या, आवाज असा की मागच्या खोलीत बोलल्या की पुढच्या खोलीतले उभे राहतात. त्यांनी परवानगी दिली, वर हॉटेलही त्यांनीच ठरवलं. का, तर तिथे गाणी लावत नाहीत. मी म्हटलं, चालेल. मागितलं काय होतं मी? एक ताट जेवण. गरम!

आता इथे तुम्हाला आमची साखळी समजायला हवी. आमच्या मंडळात प्रार्थनेची साखळी आहे. कुणावर अडचण आली की तिने यादीतल्या पुढचीला फोन करायचा, तिने हातातलं काम टाकून आहे तिथे प्रार्थना करायची, आणि तिच्या पुढचीला कळवायचं, असं करत शेवटी मोठ्या ताई. नियम एकच, मोठ्या ताईंनीच घातलेला... नाव सांगायचं नाही आणि कारण विचारायचं नाही. का? चहाड्या होतात म्हणून! नुसतं 'एका घरी अडचण आहे' एवढंच बोलायचं, बाकीचं देवाला ठाऊक असतं. ही यादी प्रत्येकीच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे, आणि खाली नवऱ्यांचे नंबर. ते आपले शोभेला. आजवर कुणी लावले नव्हते.

तर ती संध्याकाळ उगवली. साडेसहाला निघायचं, म्हणून मी साडेपाचपासून सूचना देतेय, दूध इथे, औषध तिथे, मधल्याला गणितं करायला बसवा, शेंडेफळाला सातला झोपवा. हे म्हणाले, "अगं, जा तू निवांत, माझीच पोरं आहेत ना?" हे वाक्य ऐकल्यावरच मी घरी थांबायला हवं होतं.

हॉटेलात बसलो. पांढरं टेबलपोस, आणि त्यावर कुणाचा हात पुसलेला नाही! जुळ्यांची आई नुसती त्यावरून हात फिरवत बसली होती. नर्सने फर्मान काढलं, फोन बंद, आणि पाचही फोन माझ्या पिशवीत, कारण माझी पिशवी सगळ्यात मोठी. वेटरने विचारलं, काय आणू? मी म्हटलं, जे सगळ्यात गरम असेल ते. तो हसला. हसू दे! सूप आणायला गेला, आणि मी चमचा हातात घेऊन बसले.

आलं सूप. वाफ येतेय... अहो, वाफ! माझ्या चष्म्यावर वाफ धरली, मी तो पुसलासुद्धा नाही. चमचा बुडवला, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "मुलींनो, हात जोडा."

मोठ्या ताई! घामाघूम, हातात काठी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. म्हणाल्या, "साखळी आली आहे, तुमचे फोन बंद म्हणून नवऱ्यानवऱ्यांतून फिरत. तुमच्यापैकी एकीच्या घरी अडचण आहे."

कुणाच्या? काय झालंय? तर माहीत नाही! नाव सांगायचं नाही, कारण विचारायचं नाही! आमच्या पाचही नवऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखादा नियम तंतोतंत पाळला, आणि तो आजच! धाकटी पांढरीफटक पडली. नर्स म्हणाली, फोन, फोन काढ. मी पिशवीत हात घातला, आणि हाताला फोनच्या आधी काहीतरी मऊ लागलं. ओढून पाहिलं तर ससा. आमच्या शेंडेफळाचा कापडी ससा, एका कानाचा, ज्याच्याशिवाय तो झोपत नाही. सकाळी दवाखान्यात जाताना फाटलेला कान शिवायला शिंपीणबाईकडे देऊ म्हणून मीच घेतला होता, आणि विसरले.

मला लख्ख कळलं. अडचण कुणाच्या घरी, कळलं. काय, तेही कळलं. तोंड उघडणार, तोच मोठ्या ताईंनी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू! आणि त्यांची प्रार्थना चालू असताना आजवर कुणी हूं की चूं केलेलं नाही. एकदा छतातून पाणी गळत होतं तरी नाही.

बरं, कारण माहीत नाही ना, मग त्यांनी काय करावं? सगळ्याच कारणांसाठी प्रार्थना! "देवा, ताप असेल तर उतरव. आग असेल तर विझव. कुणी जिन्यावरून पडलं असेल तर हाड जोड. चोर शिरला असेल तर त्याला सद्बुद्धी दे. गॅस असेल, साप असेल, विजेची तार असेल..." एकेका कारणाला धाकटीचा हुंदका, जुळ्यांची आई पुटपुटतेय, शिंपीणबाईने टेबलपोस मुठीत धरलेला. आणि मी मांडीवर ससा घेऊन, एक डोळा किलकिला करून, समोर पाहतेय तर वाफ कमी कमी होत चाललीय...

मला लाज वाटली, अगदी खरं सांगते. मैत्रिणी भीतीने थरथरतायत, आणि एका शब्दात मला त्यांना सोडवता आलं असतं. पण ते बोलले की संध्याकाळ संपली, हेही मला ठाऊक होतं. घरी जा, ससा द्या, थोपटा, भांडी घासा, झालं. मागितलं काय होतं मी? एक ताट जेवण! ताटसुद्धा जाऊ दे, एक चमचा! मी चमचा उचलला. तोंडात घातला.

गरम होतं हो. जीभ भाजेल इतकं गरम. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मोठ्या ताईंचा आवाज थांबला. डोळे उघडून बघतायत त्या. चमचा माझ्या तोंडात. पाच बायका, एक वेटर, सगळे बघतायत. मी चमचा बाहेर काढला, ससा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "ताई, अडचण ही आहे."

यानंतर मला जे ऐकवण्यात आलं ते मी सांगत नाही. नर्सने सगळ्यात जास्त ऐकवलं. पण नंतर तिलाही हसू फुटलं, आणि वाटलं, चला, आता कळलंय ना, आता तरी जेवू. फोन चालू केले. पाचही नवऱ्यांचे फोन व्यस्त! का, तर ते एकमेकांनाच विचारत होते, अडचण कुणाकडे? आणि विचारत विचारत, पोरं काखोटीला मारून, सगळे आमच्या घरी जमले.

सूप डब्यांत भरून घेतलं आणि गेलो. दार उघडलं तर दहा पोरं! दहा! पडदा खाली आलेला, मधला कपाटावर, जुळी टेबलाखाली, धाकटीचं बाळ आमच्या धुण्याच्या टोपलीत शांत झोपलेलं, आणि पाच बाप भिंतीला टेकून रांगेत जमिनीवर बसलेले. एकाच्याही अंगात उठायची ताकद नव्हती. दहाही पोरं एकत्र किती वेळ सांभाळली होती? अर्धा तास! आमचे हे मला बघून म्हणाले, "तू आलीस!" अकरा वर्षांत इतक्या प्रेमाने पहिल्यांदाच. सूप पोरांनी प्यायलं. आईचं म्हटल्यावर त्यांना सगळं गोड लागतं. मोठ्या ताई दारातूनच म्हणाल्या, "बघा, प्रार्थना फळाला आली, ससा सापडला."

आता तुम्ही म्हणाल, झालं ते झालं, सुट्टी पुन्हा घ्या. अहो, आम्ही बुधवारी जमून पुन्हा विषय काढला, तर मोठ्या ताई म्हणाल्या, आधी दुसरं एक मागणं आलंय. पाचही बाप त्यांच्याकडे गेले होते म्हणे. एकत्र! म्हणाले, आम्हाला त्या संध्याकाळी फार ताण पडला, आम्हालाही आठवड्यातून एक दिवस जरा मोकळं व्हायला हवं. आणि ताईंना त्यांची दया आली. किती आठवडे प्रार्थना करावी लागली असेल त्यांना? एकही नाही! जागच्या जागी मंजूर.

तेव्हापासून दर गुरुवारी पाचही जण जेवायला जातात. त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर. आणि आम्ही पाच जणी, दहा पोरं, माझ्या घरी. परवा हे परत आले, प्रसन्न, शीळ वाजवत. मी पडदा शिवत बसले होते, तशीच त्यांना विचारलं, काही नाही, मनात होतं म्हणून विचारलं, "काय हो, सूप गरम असतं का तिथलं, शेवटपर्यंत?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, आणि म्हणाले, "लक्षच नाही दिलं गं कधी."