सरूच्या गाडीचं ग्रीस

जगन : हात लावू नका, दाजी. स्क्रू मी खोलणार. तुम्ही लांब उभे राहा.

गुणाजी : उभा हाय. रोह्याहून पेणला तेवढ्यासाठीच आलोय. माझ्यासमोर खोल.

जगन : समोरच खोलतो. मागाहून म्हणाल, जगननं आपल्या गणपतीच्या कारखान्यात बसून भानगड केली.

गुणाजी : म्हणत तू सुटलायस. तेराव्याला माझ्या दारात, सगळं वरसे गाव पंगतीला बसलेलं. मी भात वाढत होतो. तू म्हणालास, दाजींनी गाडीत कंपनीतलं ग्रीस भरलं म्हणून माझी सरूताई गेली.

जगन : खोटं काय त्यात? तीस वर्षं फिटर होतात. घरात दाराच्या बिजागरीला पण तुमचं ते काळं ग्रीस. ही रिमोटची गाडी. आत प्लॅस्टिकचे गिअर. भाऊबीजेला मी चांगलं ग्रीस लावून आलो, नि त्यावर तुम्ही कंपनीतलं थापलंत.

गुणाजी : मी गिअरची पेटी उघडली नाय.

जगन : फिटर माणूस आणि उघडली नाय! ऐकलंस का गो, हौसा?

हौसा : ऐकतेय. भाऊजी, चहा ठेवू?

गुणाजी : नको वैनी. आधी हे होऊ दे.

जगन : चहाला नाही आले ते. लकव्यानं ताईची वाचा गेली, तेव्हा ही गाडी मी आणून दिली. तुम्ही मागे वालात खुरपत असायचात. ती पलंगावरून रिमोट दाबायची, गाडी घुंगरू वाजवत मागच्या ओट्यावर यायची, की तुम्ही आत. तीच तिची हाक होती. ती तुम्ही बंद केलीत.

गुणाजी : त्या सकाळी घुंगरू वाजलं नाय. शेंगा काढून आत गेलो, तर गाडी पलंगापासून हातभर पुढे येऊन थांबलेली. रिमोट तिच्या छातीवर.

जगन : आणि तुम्ही शेंगा काढताय!

गुणाजी : डॉक्टर म्हणाला, अर्धा तास आधी कळलं असतं तरी वाचली नसती. पण मी जवळ असतो.

जगन : तेच म्हणतोय मी. एकटी गेली.

गुणाजी : म्हणून आलो. माझ्या हातून झालं असेल तर मला डोळ्यांनी बघायचंय. एक सांगतो. डिसेंबरात गाडी कुरकुरायला लागली, तेव्हा चाकाच्या दांड्यावर मी तेलाचा थेंब सोडला होता. बाहेरून.

जगन : हां! निघालं ना तोंडातून. कसलं तेल?

गुणाजी : खोबरेल. हाताशी होतं.

जगन : खोबरेल! थंडीत बाटलीत दगड होतं ते. एवढंसुद्धा फिटरला कळत नाही? माझ्या बहिणीचा जीव त्या गाडीवर, आणि तुम्ही तिला डोक्याचं तेल घातलंत.

गुणाजी : आता खोल. आत गेलंय का ते बघ.

हौसा : दांडा तर सुका दिसतो. झाकण काढा.

जगन : काढतोय. निघेल आता काळं.

हौसा : काळं कुठंय? पिवळं आहे. नि हे काय चमकतंय?

गुणाजी : बॅटरीचा उजेड जवळ धरा, वैनी.

हौसा : अगो बाई. ही मुकुटाची सोनेरी भुकटी.

जगन : कसली भुकटी?

हौसा : आपली. मुकुट रंगवताना उडते ती. देखाव्याच्या लोखंडी गिअरचा ग्रीसचा डबा तिथंच उघडा असतो. त्या डब्यातलं ग्रीस आहे हे.

गुणाजी : रोह्याच्या कंपनीत गणपती रंगवत नायत, जगन.

जगन : मी पांढरं लावलं होतं. प्लॅस्टिकचं. मला चांगलं आठवतंय.

हौसा : पांढरं नवरात्रातच संपलं होतं. भाऊबीजेला निघताना मी विचारलं, तर म्हणालात, एवढ्याशा गाडीला काय, हेच चालतं.

जगन : तू गप बस.

हौसा : तेराव्याला बसले गप. तेवढं पुरे.

जगन : मग चालतंच हे ग्रीस! देखाव्यात हत्तीची सोंड दहा दिवस याच्यावर हलते.

गुणाजी : सोंडेची मोटर केवढी, हिची केवढी? थंडीत हे मेणासारखं घट्ट झालं. वर त्या भुकटीनं दाते खाल्ले. फिरवून बघ बोटानं.

(जगन गिअरवर बोट टेकवतो.)

गुणाजी : फिरव.

जगन : फिरत नाही.

गुणाजी : मी फोन केला होता तुला. गाडी कुरकुरते म्हणून.

जगन : चालवत राहा म्हणालो. मोकळी होईल.

गुणाजी : व्हय.

(जगन चिंधीनं तोच गिअर पुसत राहतो.)

जगन : मग जा आता. वरसेत पंगत बोलवा परत. सांगा सगळ्यांना, भावानं मारली.

गुणाजी : काय सांगू? घरी कोण आलं की ती आधी गाडी दाखवायची. भावानं दिली हे बोलता येत नव्हतं, तर पेणच्या बाजूला बोट करायची.

जगन : असं नका बोलू. शिव्या घाला. कानाखाली मारा.

गुणाजी : शिव्या घालत घालतच आलो एसटीत. संपल्या. पांढरं ग्रीस हाय का आता?

हौसा : परवाच आणलंय.

गुणाजी : ते भर. थोडंच. गिअर बदल लागला तर.

जगन : चालवणार कोण आता, दाजी?

गुणाजी : तू भर.

जगन : भरतो. हे घुंगरू कापू का? दोरा चाकाजवळ येतोय.

गुणाजी : नको. एका हातानं नि दातांनी बांधलंय तिनं. गाठ राहू दे.