पाव्हण्याची चप्पल

वाशीमच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक मावशी आणि तिची भाची बोलत होत्या.

"रुचिका, पुण्याले कायचं काम करून राह्यली तू?"

"लोकायनं आमचं अ‍ॅप सोडून जाऊ नये, ते पाहाचं."

"मंग कसं थांबवता?"

"बंद कराचं बटनच लपवलं आमी."

"थांबले?"

"कायचे थांबते. शिव्या देऊन गेले."

"आमी पाव्हण्याची चप्पल लपवतो. हासत थांबते तो."

"काहून?"

"घरात वरण-रोडग्याचा वास सुटला असते ना. तुमच्या अ‍ॅपात काय शिजते?"

"जाहिराती."

"मेडशी, मेडशी. उतरा लवकर," कंडक्टर ओरडला.

"चाल पोरी, माहं गाव आलं."

"मले तं वाशीमले जाचं हाय, मावशी. अन् माही चप्पल कुठं गेली?"

"माह्या पिशवीत हाय. उतर गुमान, रोडगे थंडे होतीन."