सिंगापूरचा मुराळी

—न्हाई न्हाई ताई, जाताना एक आन् येताना दोन. बरोबर ऐकलंत तुमी. मुंबई ते सिंगापूर एक, सिंगापूर ते मुंबई दोन — आता ह्यात हसन्यासारखं काय हाय? लेकीला आनायला चाललोय, पंचमीला. मुराळी जाताना एकटाच असतो, येताना लेक बरोबर असती. केडगावात विमानाचं तिकीट मिळतं म्हनले, म्हनून पारनेरवरनं आलो. किती लांब म्हनलात? एकोनचाळीसशे किलोमीटर! आन् वेळ? साडेपाच तास? पुन्यांदा बघा बरं. साडेपाचच? अहो, माझी बहीन चांगुना श्रीगोंद्याकडं दिलेली. पारनेरवरनं नगर, नगरवरनं श्रीगोंदा, पुढं उसाच्या कडंनं पायी — साडेपाच तास तिथंबी लागायचे. आन् दर पंचमीला जायचो, एक साल चुकवलं न्हाई. म्हंजे सिंगापूर तेवढंच लांब की! मला कुनी सांगितलंच न्हाई. सांगितलं न्हाई म्हंजे — मीच कुनाला इचारलं न्हाई.

लेकीला कळवलंय का? कळवायचं कशाला? मुराळी इचारून जात नसतो ताई, दारात जाऊन हुबा राहतो. चांगुना तर पिठाच्या हातानं पळत यायची. आमची रेश्मा? यील की. न यायला काय झालं? सहा वर्सं झाली, ती काय धरून बसलीय व्हय? काय म्हंजे — काय न्हाई हो. तिनं तिकडंच लगीन केलं, मला फोनवर सांगितलं. पोरगा चांगला हाय म्हनत्यात. मी बघितला न्हाई, त्याचं नावबी घरात कुनाला घिऊ दिलं न्हाई. तर ती म्हनली, नाना, पंचमीला न्यायला यायचं हां — हसतच म्हनली. मी म्हनलं, तुझी तू गेलीस, तुझी तू यी. लई ठसक्यात बोललो. पारावर चौघांना सांगितलंबी, कसं सुनावलं म्हनून. ती आलीच न्हाई. तिची आई असती तर तिनं मला ढकलून पाठवलं असतं. झोका मी बांधतो दर साली, लिंबाला — मोकळी फांदी बघवत न्हाई. शेजारच्या पोरी खेळत्यात, दिवेलागनीला आपापल्या घरी जात्यात. मग सोडून ठिवतो.

पासपोर्ट? हा माझा, मुद्दाम काढलाय. तिच्या तिकिटावर लिहा — रेश्मा सूर्यभान झावरे. पासपोर्टावर हाय तसंच लागतं? मग तसंच हाय. कॉलेजात असताना मीच तर तिला पुन्याला नेऊन काढून दिला हुता… दहा वर्सांनी नवा करावा लागतो? व्हय का. मग आता — आता त्याचं नाव लावत आसंल. का माझंच — न्हाई, मला न्हाई माहीत. मधली जागा मोकळी सोडली तर? नुसतं रेश्मा? चालत न्हाई?

फोन? नंबर हाय की, पाठ हाय. पन काय इचारू? सहा वर्सांनी फोन करायचा, आन् पहिलं काय, तर पोरी, तू कुनाचं नाव लावतीस? — न्हाई, तुमी नका लावू. ठिवा तो मोबाईल. ठिवा म्हनतो ना खाली!

…पुसून टाका ताई ते. समदं पुसा, माझंबी. मागं मानसं थांबलीत, त्यांचं बघा.