पहिल्या अंकात मेलेली बायको

दौंड स्टेशनच्या बाकावर म्हस्कूआबा दिल्लीच्या गाडीची वाट बघत होते. राष्ट्रीय नाट्यलेखन स्पर्धेचं बक्षीस घ्यायला निघालेले. शेजारी त्यांच्या कुशाबाई, फुगलेल्या.

“बक्षीस कसलं म्हणालात?”

“उदयोन्मुख नाटककार. म्हंजी नुकताच उगवलेला.”

“सत्तरीत?”

“नाटक पयलंच हाय ना. चल की, तुझं बी तिकीट काढलंय.”

“मी न्हाई येत. मला पयल्याच अंकात मारलंत.”

“तू जित्ती असल्यावर म्हाताऱ्याला बोलायलाच मिळंना. नाटक पुढं सरकंना.”

“मग दुसऱ्या अंकात लई बोलला असंल?”

“न्हाई. तुला हाका मारत बसला. पडदा पडस्तवर.”

“…ती मागची पिशवी उचला, माझी हाय. आन् मफलर गुंडाळा. नुकतं उगवलेलं लगीच गारठतं.”