वरून नाही, बाजूनं!

...नाही, पण तुमीच सांगा बाया हो, नव्या नवरीच्या हातात नवऱ्यानं काय ठेवावं? संत्रं! बरं, अमरावतीत राहून संत्रं आणलं याची तक्रार नाही माही, भल्लं गोड दिसून राहिलं होतं, पण मी सोलायले नख लावलं तं हे ओरडले, "अवो थांब! ते खायाचं नाही, टोचायचं हाय!" टोचायचं! अन् खिशातून सुई काढली... माह्या हातात हिरवा चुडा, समोर नवरा सुई घेऊन उभा, मले तं वाटलं मायबाई, बाबानं कोणाच्या घरी देलं मले! अन् टोचूही देलं नाही बरं त्या दिवशी. म्हणे, "आज नुसतं हातात धर. ओळख होऊ दे." संत्र्याची ओळख!

तं आमचे हे, अंकुर, इथं फार्मसीच्या कॉलेजात शिकवते. शिकवते म्हटलं की लोकाइले वाटते फळा, खडू, पुस्तक. फळा नाही नं खडू नाही! पोरापोरीइले उंदीर कसा धरायचा अन् त्याले सुई कशी द्यायची, हे शिकवते. पांढरेफट उंदीर, लाल डोळ्याचे. माणसाले औषध द्यायच्या आधी त्याइच्यावर तपासते नं, ते. लग्नकार्यात कोणी इचारलं, "जावई काय करते?" तं माही आई म्हणते, "औषधाच्या लाइनीत हायेत," अन् घाईघाईनं मठ्ठा वाढायले निघून जाते.

अन् हे घरी आले तरी तेच! एका पायमोज्यात ज्वारी भरली, तोंड शिवलं, झाला उंदीर. मले म्हणते, "धरून पाय." म्या धरला टोकाले. "अवो शेपटीले नाही! तुले कोणी वेणी धरून उचललं तं?" बरं बाप्पा, म्हणून म्या वरून पकडला. तं अजून ओरडले, "वरून नाही, बाजूनं! वरून हात आला की त्याले वाटते घार आली. आधी हात चोळून गरम कर, बाजूनं जा, खालून तळव्यावर घे, खांद्यापाशी सैल धर. आवळलं तं त्याचा श्वास कोंडते, घाबरून सोडलं तं तो चावते." आता ज्वारीचा मोजा चावते का हो? पण मी मुकाट्यानं बाजूनं गेली. मंग एक दिवस म्हणे नुसती सुई हातात घे, मंग म्हणे आता संत्र्यात टोच, मंग म्हणे सुईचं टोपण परत लावू नको, लावतानाच बोटाले लागते, सरळ या डब्यात टाक... तो डबा म्हणजे माहा लोणच्याचा चांगला जाड डबा! मी म्हटलं, "मले काहून शिकवता हे?" तं म्हणे, "असू दे, कामी पडते."

गल्लीतली मांजर ह्याइच्या गाडीमांगं पयत पयत घरापर्यंत येते, तुमाले सांगते! मी जेवढी वाट नाही पाहात तेवढी ती पायते. आंगाले वास येते नं उंदराचा.

पण माणूस गरीब. खोटं काहून बोलू? मी चिडली, भांडे आपटले, तरी कधी वरच्या आवाजात बोलले नाही. समोरून येतच नाही. हळूच बाजूले येऊन बसते, हात चोळते, बारीक आवाजात म्हणते, "झालं राजा, झालं," अन् हातावर फुटाणे ठेवते. मी मैत्रिणीइले सांगत होती, असा नवरा साऱ्याइले भेटू द्या.

तं आता आमचे मामाजी ऐका. माहे सासरे, पंजाबराव, बाळापूरकडचे. उंचेपुरे, आवाज असा की वावरातून हाक मारली तं गावातली बाई चुलीवरचं उतरवून बाहेर येते. साप निघाला तं काठीवर उचलून बांधावर नेऊन टाकते, रानडुकराच्या आडवे जाते. अन् सुई? सुईचं नाव काढलं की माणूस गोठ्यात! आमच्या आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई जमुनाबाई, फोनवर रडत होत्या, "बाई वो, साखर तं तुमच्या लग्नाआधीपासूनच हाय, आता भल्ली वाढली, नव्या चपलेनं अंगठ्याले जखम झाली ते भरून नाही राहिली, अन् हा माणूस म्हशीमांगं लपून बसते!" मंग ह्याइनं आणलं त्याइले अमरावतीले. डॉक्टरनं सरळ सांगितलं, "इन्सुलिन आता सुरू करा, नाहीतं अंगठा काढावा लागंल." मामाजी म्हणे, "गोळ्या द्या, काढा द्या, कारल्याचा रस बादलीभर द्या, सुई नाही!" अन् ह्याइच्याकडं पाहून म्हणे, "अन् तू तं देऊच नको. उंदराच्या मास्तरच्या हातून सुई घेऊ का मी?"

हे नुसते रोज बाजूनं जाऊन बसायचे. पाय चेपून द्यायचे, फुटाणे द्यायचे, पोटाची चिमट धरायचे अन् सोडून द्यायचे, "पाय बाबा, एवढंच असते." मामाजी उलीसे नरम यायले लागले होते, अन् तेवढ्यात आला रविवार... अन् आला नागसेनचा फोन!

नागसेन म्हणजे कॉलेजात उंदराइचं खाणंपिणं पायते तो. अन् लहानपणी साऱ्याइनंच उंदीरमामा म्हटलं हाय की नाही? तं कॉलेजातही उंदराले मामाच म्हणते. इथं घरात मी सासऱ्याले मामाजी म्हणते. आता हे काय फोनवर म्हणून राहिले ते ऐका, अन् मामाजी पलीकडं सोफ्यावर चहा पिऊन राहिले, हे ध्यानात ठेवा!

"हा नागसेन, बोल. काय? मोठा मामा चिडला? मंग आज टोचू नको त्याले. घाबरला असला की टोचायचं नाही... नाही नाही, जोर नको लावू, दणकट हाय तो, चावंल! दोन-चार दिवस नुसता कुरवाळ, फुटाणे घाल, भरोसा बसू दे. मंग शांत बसला की चामडी धर अन् दे टोचून!... वजन? वजन वाढलं असंल तं पिंजरा मोठा पाय बाबा."

पिंजरा!

मी गच्चीवर कपडे वाळू घालत होती, हे मांगच्या दारात फोनवरच होते. खाली आली तं चहा अर्धा, मामाजी गायब, थैली गायब. शेजारच्या केशरबाई गेटपाशी तोंडाले पदर लावून उभ्या. "अवं पौर्णिमा, तुह्ये मामाजी लंगडत लंगडत ऑटोत बसले नं स्टँडवर गेले. म्हणत होते, 'पोट्टं पिंजरा आणून राहिलं माह्यासाठी!'"

मी अन् हे स्कुटीवर कसे गेलो ते आमचं आमाले माहीत. स्टँडवर पायतो तं मामाजी अकोल्याच्या गाडीची वाट पाहात बाकड्यावर, थैली छातीशी धरून. मी म्हटलं, "मामाजी, चला घरी." तं म्हणते कसे, "कोणता मामाजी? मोठा का लहान?" अन् आमचे हे, एवढं जगाले शिकवणारे, बापाले पाहून सारं इसरले, सरळ समोरून धावले, "बाबा, काय पोरखेळ लावला?" मामाजीनं थैली उगारली, "जवळ येऊ नको! दणकट हाय मी, चावीन!"

सारा स्टँड पाहून राहिला हो! म्या ह्याइचा सदरा धरून मांगं ओढलं. म्हटलं, "अवो, वरून नाही, बाजूनं!" अन् मीच बाजूनं गेली, बाकड्यावर टेकली, हळूच सांगितलं, "मामाजी, तो मामा म्हणजे कॉलेजातला उंदीर हाय."

"उंदीर?"

"हाव."

"मंग पिंजरा?"

"त्याचाच."

"अन् ते चामडी धरून...?"

"त्याचीच मामाजी."

मामाजीनं थैली मांडीवर ठेवली. मंग म्हणते, "म्हणजे तुमी उंदरालेबी मामा म्हणता अन् मलेबी मामा म्हणता?" बाकड्यावरच्या दोन बाया फुसकन हासल्या.

तेवढ्यात हे दुसऱ्या बाजूले येऊन बसले. हासले नाही. म्हणे, "बाबा, डॉक्टर म्हणते अंगठा जाईल. मले भेव वाटून राहिलं." बस, एवढंच. अन् मामाजीनं इकडं पायलं, तिकडं पायलं, अन् त्या एवढ्या मोठ्या माणसानं बारीक आवाजात म्हटलं, "मलेबी भेव वाटते रे. सापाचं नाही, डुकराचं नाही, त्या उलीशा सुईचं. कोणाले सांगू नको." तुमी बी सांगू नका बरं, मी आपली तुमाले म्हणून सांगून राहिली.

मंग मामाजीनं इचारलं, "तो मोठा मामा... चावते का?"

हे म्हणे, "पहिले चावायचा. आता नाही चावत. हात ओळखीचा झाला नं. आधी नुसतं हातात घ्यायचं, सोडून द्यायचं. मंग एक दिवस टोचायचं. टोचलं की मी म्हणतो, 'झालं राजा, झालं,' अन् एक फुटाणा देतो."

मी चमकली. म्हटलं, हे कुठंतरी आयकलं हाय बाप्पा आपण... पण तेवढ्यात अकोल्याची गाडी लागली अन् ते राहूनच गेलं.

मामाजी उठले. मले वाटलं, चालले गाडीत! तं थैली ह्याइच्या हातात देली. "रोज टोचता, तरी तो हातावर येते? उंदीर येते अन् पंजाबराव येत नाही? चाल घरी!"

घरी आलो. मामाजी सोफ्यावर बसले, बंडी वर केली, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. ह्याइनं नवी सुई काढली, डॉक्टरनं सांगितलं तेवढं औषध भरलं, बापाच्या पोटाकडं पायलं... अन् हात लटलट! कॉलेजात दिवसभर टोचणारा माणूस, अन् हात लटलट! मामाजीनं एक डोळा उघडला, थरथरती सुई पायली, अन् बंडी खाली केली. "जमत नाही. राहू दे." गेलं सारं! स्टँडवरून आणलेला माणूस पुन्हा गोठ्यात जाते की काय!

ह्याइनं माह्याकडं पायलं. सुई पुढं केली. अन् मले काय झालं कोण जाणे, म्या हात चोळले, बाजूनं गेली, बसली. म्हटलं, "मामाजी, औंदा तूर कशी हाय हो?" बस! तुरीचं इचारलं की मामाजी सुरू. "तूर? आपली तं चांगली हाय, त्या वामनरावच्या वावरात अळी पडली, म्या म्हटलं होतं त्याले, फवारा मार, तं म्हणते कसा..." इकडं बेंबीपासून दूर पोटाची चिमट धरली, सुई गेली, औषध सोडलं, सुई काढली, टोपण न लावता डब्यात! संत्र्यापेक्षा सोपं! मामाजी म्हणे, "...आता टोच नं, काहून थांबली?"

अन् माह्या तोंडून काय निघावं? "झालं राजा, झालं!"

सासऱ्याले! राजा! मले जमीन फाटावी वाटलं. अन् मामाजी म्हणे, "झालं? खोटं बोलते!" डब्यातली सुई दाखवली तवा पटलं. मंग हात पुढं केला, "मंग माहा फुटाणा?"

जखम भरली बाया हो. अंगठा राहिला. डॉक्टर खूष, आत्याबाईनं फोनवर रडून घेतलं, आता हासून. पण मामाजीनं काय करावं? "सुई घेईन तं सूनबाईच्याच हातानं!" ह्याइनं हात लावला तं म्हणते, "तू तुह्ये उंदीर पाय." सकाळी मीच, संध्याकाळी मीच. मी माहेरी अकोल्याले लग्नाले गेली तं मामाजी संगं! तिथं भर मांडवात बंडी वर करून हाक मारते, "सूनबाई, वेळ झाली वो!" अन् माही आई मठ्ठा वाढायले पळाली.

तं परवा बसल्या बसल्या माह्या डोस्क्यात उजेड पडला. संत्रं नुसतं धर... सुई नुसती धर... आता टोच... कामी पडते! आधी नुसतं हातात घ्यायचं, मंग एक दिवस! अन् ते फुटाणे! मी कमरेवर हात ठेवून ह्याइच्यासमोर उभी राहिली. म्हटलं, "काय हो, त्या दिवशी तुमचा हात खरंच लटलटत होता का? का मले पहिल्या दिवसापासून शिकवून ठेवलं होतं तुमी? उंदरासारखं?"

हे समोरून आलेच नाही. उठले, हात चोळले, बाजूनं आले, हासले, अन् म्हणे, "झालं राजा, झालं." अन् माह्या तळहातावर एक फुटाणा ठेवला.

अन् मी काय करते... खाल्ला!