सहा, सात, सहा, सात

मबरूका : चहा घ्या, सी नाजी. बदाम घातलेत. आणि आता सरळ सांगा, ट्युनिसहून सहा तास शेअर टॅक्सीत आंबत कोणी शाबासकी द्यायला येत नाही. कोणाची मान हवीय?

नाजी : कोणाचीच नाही, लल्ला मबरूका. मी मंत्रालयातला आकडेवाला. साहेबांना तुमच्या प्रसूती विभागाला बक्षीस द्यायचंय. बाळंतपणानंतर फार रक्त गेलेल्या बायका, दर महिन्याला सहा, सात, सहा, सात. सलग दोन वर्षं.

मबरूका : मग द्या की बक्षीस. अडलंय कुठे?

नाजी : महिन्याला बाळंतपणं किती होतात इथे?

मबरूका : दोनशेच्या आसपास.

नाजी : नेमकी?

मबरूका : बायका काय मला विचारून बाळंत होतात? कधी एकशे सत्तर, कधी अडीचशे.

नाजी : बघा. बाळंतपणं वरखाली, आणि रक्त जाणं मात्र शिस्तीत? त्याआधीची वर्षं पाहा. तीन, नऊ, पाच, आठ, दोन. खरे आकडे असेच उड्या मारतात. तुमचे अचानक हाताची घडी घालून बसले.

मबरूका : सुधारलो आम्ही. सुईणींना फुकट राबवलं का मी?

नाजी : सुधारलात तर आलेखाची रेघ खाली यायला हवी. ती आहे तिथेच आहे, फक्त चढउतार गेलेत.

मबरूका : म्हणजे मी खोटारडी.

नाजी : मी तसं म्हणालो नाही.

मबरूका : तोंडाने नाही म्हणालात. इथे तेवीस वर्षं मुख्य सुईण आहे मी. अर्ध्या गावाची नाळ या हातांनी कापलीय. ते दार लावा आधी.

नाजी : लावलं.

मबरूका : दोन वर्षांपूर्वी एका महिन्यात फार रक्त गेलेल्या बारा बायका निघाल्या. इस्पितळाच्या संचालकांनी आलेखावर लाल गोल काढला आणि आमच्यातल्या एका सुईणीला, मुंजियाला, वाळवंटाच्या कडेला बदलीवर धाडलं. का, तर त्यातल्या पाच तिच्या कामाच्या पाळीतल्या. तिची आई इथे अंथरुणाला खिळलेली. मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही.

नाजी : बारा? तुमच्या इथे सरासरी सहा. तेराच्या वर गेलं तरच काही बिनसलंय म्हणायचं. बारा नुसत्या योगायोगानेही येतात. कोणाचाही दोष नव्हता.

मबरूका : हे तेव्हा कोणी सांगितलं नाही.

नाजी : मग तुम्ही काय केलंत?

मबरूका : बाई एकही लपवली नाही. जास्त झाल्या की उरलेल्या पुढच्या महिन्यात घालायच्या. पुढचा महिना हलका असला की बरोबरी व्हायची. कोणाचा जीव नाही गेला त्यात, कोणाची बदली नाही झाली.

नाजी : अजून होते बरोबरी?

मबरूका : चहा निवतोय तुमचा.

नाजी : लल्ला?

मबरूका : हलका महिना येतच नाही आता. पंचवीस बायका नोंदवायच्या शिल्लक आहेत. ही घ्या माझी खरी वही. आणि मला ठाऊक आहे कोणामुळे ते.

नाजी : कोणामुळे?

मबरूका : हयात. नवी सुईण. आल्यापासून हे सुरू आहे. तिच्या पाळ्या बदलल्या, मागे उभी राहून हात पाहिले, चूक सापडत नाही. पण संशय काही जात नाही. नोव्हेंबरात रक्त जाऊन एक बाई गेली, सी नाजी. हयातच होती तिथे.

नाजी : हयात आली कधी?

मबरूका : एप्रिलात.

नाजी : थांबा, खरे आकडे मांडतो. एप्रिल पाच. मे सात. जून नऊ. मग आठ, अकरा, नऊ, दहा, आठ, बारा, दहा. एकही तेराच्या वर नाही, म्हणून कोणी लाल गोल काढला नसता. पण जूनपासूनचे आठही महिने सरासरीच्या वर. एवढा योगायोग नसतो. आणि सुरुवात जूनपासून. एप्रिल-मेमध्ये हयात होती, तरी सगळं ठीक होतं.

मबरूका : तिची पाळी नसतानाही झालंय काही वेळा. मीच म्हणायचे, तिची सावली.

नाजी : जूनमध्ये काय बदललं?

मबरूका : काही नाही. तीच माणसं, तीच औषधं. लझहरकाका! अहो, इकडे या जरा. हे आमचे औषधकोठीवाले. काका, जूनमध्ये काही बदललं का कोठीत?

लझहर : आता कशाला विचारता? अर्ज केले तेव्हा कोणी वाचले नाहीत. फ्रीज बंद पडला ना जूनमध्ये. तीन अर्ज केले, सहीचे कागद आहेत माझ्याकडे. माझ्यावर ढकलू नका.

मबरूका : आणि रक्त थांबवायची इंजेक्शनं?

लझहर : वर्षभराचा साठा नुकताच आला होता. ठेवणार कुठे? लोखंडी कपाटात ठेवला. उपकरणं उकळायच्या यंत्राच्या खोलीत.

नाजी : आपल्याकडच्या जूनच्या उन्हाळ्यात? त्या खोलीत?

मबरूका : गारव्याशिवाय टिकत नाहीत, उष्णतेने मेली ती इंजेक्शनं. पाणी टोचत होतो आम्ही. काका, चौकातल्या औषधवाल्याकडे पळा. बर्फाच्या डब्यात घालून वीस आणा, माझं नाव सांगा. आत दोघींना कळा सुरू आहेत. पळा!

लझहर : निघालो, लल्ला.

मबरूका : मी सरळ रेघा काढत बसले नसते, तर हे कधी दिसलं असतं?

नाजी : सप्टेंबरात शंका आली असती. फार तर डिसेंबरात नक्की.

मबरूका : नोव्हेंबरच्या आधी की नंतर, ते सांगा.

नाजी : ते मला सांगता येणार नाही.

मबरूका : अहवालात माझं नाव घाला. माझंच. हयातचं कुठेही नको.

(चार महिन्यांनी, फोनवर.)

नाजी : लल्ला, अहवालानंतर आलेल्या नोटिशीचं काय झालं?

मबरूका : मुख्य सुईणपद गेलं. पगारवाढ थांबली. सुईण आहे अजून. नवा फ्रीज घरघरतो, पण चालतो.

नाजी : आणि हयात?

मबरूका : सगळं सांगितलं तिला. कामापुरतं बोलते. तेवढंही पुष्कळ आहे. आकडे लिहून घ्या.

नाजी : सांगा.

मबरूका : मार्च चार. एप्रिल पाच. मे नऊ.

नाजी : नऊ?

मबरूका : का, घाबरलात?

नाजी : नाही. एखादा महिना तसा निघतो. तुम्ही?

मबरूका : मी घाबरले. पेन हातात धरून बराच वेळ बसले होते. मग नऊ लिहिले.